पहारेकरी जागा, पण घरधनी कोठें?

घराच्या दाराशीं पहारेकरी ठेवला म्हणजे घर सुरक्षित झालें, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ती अर्धवट आहे, आणि अर्धवट समजूत ही कित्येक वेळां निव्वळ अज्ञानापेक्षांही महाग पडते. पहारेकऱ्यानें 'चोर आला' म्हणून हांक मारली, तर ती ऐकून उठणारा घरांत कोणी पाहिजे. उठणाऱ्याच्या हातांत काठी पाहिजे. आणि मुख्य म्हणजे तें घर आपलें आहे असें त्यास वाटलें पाहिजे. यांतील एकही गोष्ट उणी असेल, तर पहारेकऱ्याचा पगार फुकट गेला म्हणून समजावें. हा घरगुती व्यवहार राष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्यास कसा लागू पडतो, हें दाखविण्यासाठीं आज आम्ही एका जुन्या इंग्रजी विमानाची हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों. हकीकत परक्यांची खरी. परंतु तिच्यांतील नुकसानीचा मोठा भाग आमच्या लोकांच्या खातीं नांवें पडलेला आहे, आणि आपल्या नांवें पडलेली रक्कम कशी पडली हें पाहणें प्रत्येक व्यवहारी मनुष्याचें कर्तव्य आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन नांवाचें बंदर आहे. तेथील सुपरमरीन कंपनीच्या कारखान्यांत रेजिनाल्ड मिचेल या इंजिनियरानें आंखलेली एक उडती बोट १० मार्च १९२५ रोजीं प्रथम आकाशांत चढली. या गोष्टीस शंभर वर्षें उलटून गेलीं. मिचेलनें त्या वेळीं वयाचीं तीस वर्षेंही पुरीं केलीं नव्हतीं. पुढें १९३६ सालीं उडालेलें 'स्पिटफायर' हें नामांकित लढाऊ विमान त्याच्याच डोक्यांतून निघालें. बोटीस त्या बंदराचेंच नांव देण्यांत आलें. उडती बोट म्हणजे साध्या विमानाच्या पायांस तरंगे बांधले असा प्रकार नव्हे. हिचें धडच नावेचें असतें. ती पाण्यावर धांवून वर उठते, पाण्यावर उतरते, आणि मुक्कामाच्या जागीं नांगर टाकून पाण्यावरच राहते. तीस मैदान लागत नाहीं. शांत पाण्याची एखादी खाडी मिळाली कीं तिचें काम भागतें. 'साउदॅम्प्टन' बोटीस एकावर एक असे दोन पंख असून त्यांची लांबी ७५ फूट होती. दोन पंखांच्या मध्यें प्रत्येकीं सुमारें ५०० अश्वशक्तीचीं दोन नेपियर एंजिनें, आंत पांच माणसें, तीन मशीनगन आणि थोडे बाँब, असा तिचा एकंदर सरंजाम. वेग ताशीं शंभर मैलांच्या आंतबाहेर, म्हणजे आजच्या मानानें अगदींच बेताचा. परंतु शत्रूचा पाठलाग करून त्यास बुडविणें हें तिचें मुख्य काम नव्हतेंच. समुद्रावर दूर जावें, कोण येतो, किती येतात, कोणत्या दिशेनें येतात हें पाहावें आणि मागें कळवावें, एवढेंच तिचें काम. आमच्याकडील 'टेहळणी' हा जुना शब्द तीस तंतोतंत लागू पडतो.

पहिल्या बोटींचें धड लांकडी होतें. लांकूड पाणी पितें ही गोष्ट कोंकणांतील कोणत्याही तांडेलास नवी नाहीं. पण विमानास त्याचा भुर्दंड किती बसतो तें पाहा. धडांत सुमारें ४०० रत्तल पाणी मुरत असे, म्हणजे तितका बोजा विनाकारण आकाशांत वाहून न्यावा लागे. हें ध्यानांत येतांच दुसऱ्या प्रकारच्या बोटींचें धड ड्यूरॅल्युमिन नांवाच्या हलक्या मिश्रधातूचें करण्यांत आलें. तें मुळांतच सुमारें ५०० रत्तल हलकें. अशा रीतीनें एकंदर ९०० रत्तलांची बचत झाली, आणि बोटीची मजल सुमारें २०० मैलांनीं वाढली. एंजिनांची बैठकही अशी केलेली होती कीं, एंजिन उतरवावयाचें तर पंखांस हात लावण्याचें कारण पडूं नये. आपल्या मालांतील दोष उघड कबूल करावा, त्याचें वजन मापावें आणि तो काढून टाकावा, ही त्या कारखानदारांची रीत आमच्या व्यापारी वाचकांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. राज्यकर्त्यांशीं आमचें भांडण होतें म्हणून त्यांच्या कारागिरांचे गुण झांकून ठेवण्याचें आम्हांस कारण नाहीं.

आतां मुख्य हकीकत. ऑक्टोबर १९२७ मध्यें अशा चार धातूच्या बोटी ग्रुप कॅप्टन केव्ह-ब्राउन-केव्ह यांच्या हाताखालीं इंग्लंडहून निघाल्या. भूमध्यसमुद्र, इराक व इराणचें आखात या वाटेनें त्या कराचीस आल्या. कराचीहून मुंबई, मुंबईहून किनाऱ्याकिनाऱ्यानें सिलोन, पुढें कलकत्ता, रंगून असे मुक्काम करीत २८ फेब्रुवारी १९२८ रोजीं सिंगापुरास पोंचल्या. मे महिन्यांत तेथून निघून त्यांनीं ऑस्ट्रेलिया खंडास प्रदक्षिणा घातली, सप्टेंबरांत त्या सिंगापुरास परतल्या, आणि वर्षअखेर हाँगकाँगपर्यंतही जाऊन आल्या. एकंदर मजल सुमारें २७,००० मैलांची झाली. ही कांहीं शर्यत नव्हती. कोणत्या खाडींत उतरतां येतें, खारें पाणी धातूस किती खातें, उष्ण हवेंत एंजिनें कशीं चालतात, याची नोंद घेणें हें या सफरीचें एक काम होतें. आणि साम्राज्याचे डोळे येथपर्यंत पोंचतात हें पूर्वेकडील लोकांच्या मनावर ठसविणें हें दुसरें. जानेवारी १९२९ मध्यें याच बोटींची २०५ क्रमांकाची तुकडी बनली, आणि सिंगापूर बेटावरील सेलेटार येथें तिचा तळ पडला. पहारेकरी कामावर रुजू झाला.

परंतु ज्या किनाऱ्यावरून या बोटी गेल्या, त्या किनाऱ्याच्या खऱ्या धन्याची त्या वेळीं काय स्थिति होती? बोटी सिंगापुरास पोंचल्या त्याच फेब्रुवारी महिन्यांत, म्हणजे ३ फेब्रुवारी १९२८ रोजीं, हिंदुस्थानचें भवितव्य ठरविण्याकरितां सायमन कमिशन मुंबईस उतरलें, आणि त्यांत एकही हिंदी मनुष्य नव्हता. त्याच वर्षीं हिंदी आरमाराविषयींचें बिल मध्यवर्ती कायदेमंडळापुढें आलें व एका मताच्या फरकानें फेटाळलें गेलें. हिंदी सभासदांस आरमार नको होतें असें यावरून कोणीं अनुमान काढील तर तें चुकीचें ठरेल. त्यांचा आक्षेप असा कीं, खर्च हिंदी तिजोरींतून व्हावयाचा आणि जहाजें कोठें पाठवावयाचीं हें मात्र दुसऱ्यानें ठरवावयाचें, हा व्यवहार कोणत्या न्यायाचा? विमानांची गोष्टही तीच. हिंदी विमानदलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजीं झाली. १ एप्रिल १९३३ रोजीं त्याची पहिली तुकडी कराचीस उभी राहिली, तेव्हां तिच्यांत चार जुनाट 'वापिती' विमानें होतीं, आणि तींही पायदळास साहाय्य करण्यासाठीं. ज्या कराचींत १९२७ सालीं चार समुद्रदर्शी बोटी उतरल्या होत्या, तेथेंच पांचएक वर्षांनीं हिंदी तरुणांच्या हातीं हीं चार विमानें आलीं, आणि त्यांचीं तोंडें डोंगराकडे होतीं. समुद्राकडे पाहण्याचें काम धन्याच्या मुलाचें नव्हे, असा याचा स्पष्ट अर्थ होता. दुसरें महायुद्ध पेटल्यावर मुंबई, मद्रास, कलकत्ता वगैरे बंदरांत किनारा-रक्षणासाठीं विमानांच्या तुकड्या घाईघाईनें उभ्या कराव्या लागल्या. बैल गेला आणि झोंपा केला!

यावर असें म्हणणारे लोक निघतील कीं, पहारा इंग्रजांनीं केला म्हणून काय बिघडलें? घर तर राखलें गेलें ना? या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतांत शोधण्यापेक्षां १९४१-४२ सालच्या घटनांत शोधावें हें बरें.

सिंगापूरच्या आरमारी तळावर इंग्लंडनें सुमारें ६ कोटी पौंड खर्च केले. १९२३ सालीं तळाचें काम हातीं घेतलें, १९२४ सालीं मजूर सरकारनें तें थांबविलें, पुढच्या सरकारनें पुन्हां चालू केलें. दहा वर्षें मोठें युद्ध होणार नाहीं असें गृहीत धरून चालण्याचा जो नियम लंडनच्या मुत्सद्द्यांनीं १९१९ सालीं केला, तो १९३२ पर्यंत सुटला नाहीं. फेब्रुवारी १९३८ मध्यें तळाचें उद्घाटन झालें. पण त्या तळांत कायम राहणारें आरमार तेथें नव्हतेंच. युद्ध आलें तर तें इंग्लंडहून पाठवूं, असा वायदा होता. सेलेटारच्या २०५ क्रमांकाच्या तुकडीस 'साउदॅम्प्टन' जाऊन 'सिंगापूर' नांवाच्या उडत्या बोटी १९३५ सालीं मिळाल्या. त्याही दुपंखी, आणि जग एकपंखी विमानांच्या युगांत शिरल्यावरही त्या १९४१ पर्यंत कामावर राहिल्या. त्या वर्षीं अमेरिकन 'कॅटॅलिना' बोटी आल्या. मलायाच्या रक्षणास ३३६ विमानें पाहिजेत असें सेनापतींनीं १९४० सालीं ठरविलें होतें. डिसेंबर १९४१ मध्यें प्रत्यक्ष हातीं होतीं १५८.

आतां पहारेकऱ्यानें आपलें काम केलें कीं नाहीं? केलें. ६ डिसेंबर १९४१ रोजीं ऑस्ट्रेलियन तुकडीच्या एका 'हडसन' विमानास जपानी जहाजांचे काफिले समुद्रांत दिसले, आणि ती बातमी सिंगापुरास पोंचली. काफिल्यांचा माग काढण्यास २०५ क्रमांकाच्या तुकडीच्या 'कॅटॅलिना' गेल्या. त्यांतील एक ७ डिसेंबर रोजीं जपान्यांनीं पाडली. आंतील एकही मनुष्य वांचला नाहीं, आणि युद्ध तर अद्याप जाहीरही झालेलें नव्हतें. मग पुढें काय झालें? सयामच्या हद्दींत आधींच शिरून तेथील किनारा धरावयाचा, असा बेत तयार होता; पण तो अंमलांत आणावा कीं न आणावा, काफिले खरोखर मलायाकडेच येत आहेत कीं सयामकडे, या विचारांत वेळ गेला. ८ डिसेंबर रोजीं मध्यरात्र उलटतांच जपानी सैन्य कोटाभारूच्या वाळूवर उतरूं लागलें, तरी विचार चालूच होता. १० डिसेंबरला 'प्रिन्स ऑफ वेल्स' आणि 'रिपल्स' हीं दोन अजस्र लढाऊ जहाजें बुडालीं. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें.

हें नुकसान कोणाच्या नांवें पडलें? सिंगापुरांत शरण जाणाऱ्या सैन्यांत सुमारें ४०,००० हिंदी शिपाई होते. तळ कोठें बांधावा हें त्यांस कोणीं विचारलें नव्हतें. विमानें किती ठेवावींत हें त्यांच्या देशाच्या कायदेमंडळास कोणीं विचारलें नव्हतें. युद्धांत पडण्याविषयींही १९३९ सालीं हिंदी लोकप्रतिनिधींचें मत घेतलें नव्हतें. तरी कैद त्यांस भोगावी लागली. खताचे आंकडे एकानें लिहावे, सही दुसऱ्याकडून घ्यावी आणि फेड तिसऱ्याकडून करवावी, असा हा दस्तऐवज होता. असा दस्तऐवज कोणत्याही दिवाणी न्यायालयांत पांच मिनिटें टिकला नसता.

उलट बाजूचें एक उदाहरणही आम्ही देतों, कारण एकाच बाजूचा पुरावा मांडणें आम्हांस पसंत नाहीं. ४ एप्रिल १९४२ रोजीं सिलोनच्या कोग्गला तळावरून निघालेल्या एका कॅनडियन 'कॅटॅलिना'स दक्षिणेच्या समुद्रांत जपानचा विमानवाहू तांडा दिसला. स्क्वाड्रन लीडर बर्चल यांनीं बिनतारी संदेश पाठविण्यास आरंभ केला, आणि संदेश जात असतांनाच त्यांचें विमान पाडण्यांत आलें. वांचलेली माणसें कैद झालीं. परंतु संदेश कोलंबोस पोंचला, ऐकणाऱ्यांनीं तो ऐकला, आणि पुष्कळशीं जहाजें रात्रींतून बंदराबाहेर काढण्यांत आलीं. दुसऱ्या दिवशीं हल्ला झालाच, समुद्रांत दोन क्रूझर जहाजें बुडालीं, आणि ६ एप्रिलला विजगापट्टम व कोकोनाडा येथेंही बाँब पडले. तथापि कोलंबोचें बंदर जहाजांचें स्मशान बनलें नाहीं. विमान त्याच जातीचें, मनुष्याचें धैर्य त्याच तोलाचें. फरक एवढाच कीं, एके ठिकाणीं बातमी ऐकून कोणीं विचार करीत बसला, दुसऱ्या ठिकाणीं कोणीं उठून नांगर उचलला.

टेहळणीचें विमान हा एक साक्षीदार आहे. साक्षीदार कितीही खरा असला तरी तो निकाल देत नाहीं, आणि निकाल मिळाला तरी बजावणीस बेलिफ लागतो. साक्ष, निकाल आणि बजावणी या तिहींस जोडणारी व्यवस्था नसेल तर साक्षीदारावर केलेला खर्च वाया जातो. आणि त्या व्यवस्थेस जाब विचारणारा धनी नसेल तर ती व्यवस्था कालांतरानें गंजतेच. लोखंडास गंज चढतो तो डोळ्यांस दिसतो. कचेऱ्यांस चढलेला गंज आपत्तीच्या दिवशींच दिसतो.

१९४७ सालीं धनी आपल्या घरांत आला. तेव्हांपासून 'हुकूम दुसऱ्याचा' ही सबब आम्हांस उरलेली नाहीं. १९५३ सालीं भारतीय नौदलाच्या हवाई शाखेचा कोचीन येथें आरंभ झाला, तो 'सीलँड' नांवाच्या लहान उडत्या बोटींनींच झाला, हा योगायोग मौजेचा आहे. समुद्रावरील टेहळणीचें काम १९७६ सालीं वायुदलाकडून नौदलाकडे आलें, आणि २०१३ पासून 'पी-८ आय' जातीचीं विमानें आमच्या समुद्रावर नजर ठेवूं लागलीं. 'साउदॅम्प्टन' बोटींतील पांच माणसें उघड्या हवेंत बसून दुर्बिणीनें जें पाहत, त्याच्या शेंकडों पट हीं विमानें पाहतात. डोळा उत्तम आहे, यांत शंका नाहीं. आमचा प्रश्न डोळ्याविषयीं नाहींच.

१९९३ च्या आरंभीं रायगड जिल्ह्यांत दिघी व शेखाडी येथें स्फोटकें व शस्त्रें उतरविण्यांत आलीं, आणि १२ मार्च रोजीं मुंबईंत २५७ माणसें मेलीं. त्या खटल्यांत कस्टम व पोलिस खात्यांतील कांहीं अधिकारी विशेष न्यायालयांत दोषी ठरले. म्हणजे तेथें डोळे होते, पण ते मिटून घेतलेले होते. २६ नोव्हेंबर २००८ रोजीं दहा मारेकरी 'कुबेर' ही मच्छिमारी बोट बळकावून मुंबईच्या तोंडाशीं आले व रबरी होडींतून कुलाब्यास उतरले. नौदल, तटरक्षक दल व पोलिस या तिघांच्या हद्दी ओलांडून ते आले, आणि त्यांस कोणींही अडविलें नाहीं. उतरतांना त्यांस पाहिलें व हटकलें तें तेथील कोळ्यांनीं. या हल्ल्यांत १६६ माणसें बळी पडलीं. त्यानंतर २००९ सालीं एकंदर सागरी सुरक्षेची जबाबदारी नौदलावर टाकण्यांत आली, किनाऱ्यावर रडारांची मालिका उभी राहिली, आणि सर्व बातम्या एकत्र करणारें केंद्र २०१४ सालीं गुरुग्राम येथें सुरू झालें. हीं पावलें योग्य दिशेनें पडलीं, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों. परंतु तीं कधीं पडलीं? प्रेतें उचलल्यावर.

आमचे वाचक म्हणतील, आम्ही दुकानदार, वकील, मास्तर, कारकून; समुद्राच्या पहाऱ्याशीं आमचा काय संबंध? संबंध असा कीं, या पहाऱ्याचा पगार तुम्ही देतां, आणि तुमच्या दुकानांतील पुष्कळ माल याच समुद्रावरून येतो. तुम्ही विमान चालवावें असें आम्ही म्हणत नाहीं. तुम्ही हिशेब मागावा. आपल्या आमदारास व खासदारास असें विचारा कीं, सागरी पोलिसांच्या गस्ती बोटींपैकीं किती आज पाण्यांत आहेत आणि किती दुरुस्तीच्या नांवाखालीं काठावर पडून आहेत? बोट चालविणारा तांडेल कायम नोकरीवर आहे कीं कंत्राटावर? रात्रीं दोन वाजतां एखाद्या कोळ्यानें अनोळखी होडी पाहिली, तर त्यानें कोणास कळवावयाचें, आणि कळविल्यावर किती मिनिटांत कोण निघतो? हे प्रश्न विचारल्यानें राष्ट्राचें कोणतेंही गुपित फुटत नाहीं. उत्तर नसणें हेंच जर गुपित असेल, तर तें फुटलेलें बरें.

कोळ्यांविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें जरूर आहे. सरकारी कागदांत कोळी हा ओळखपत्र दाखवावयास लावण्याचा इसम आहे. समुद्रावर पाहतां, तोच सर्वांत जुना आणि सर्वांत स्वस्त टेहळ्या आहे. मुंबईच्या तोंडाशीं खांदेरीवर १६७९ सालीं शिवाजीमहाराजांनीं पहारा बसविला, तो याच किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी लोकांच्या बळावर. कोणतें शीड कोणत्या गांवचें हें ज्यास दुरून कळतें, त्याची बातमी कचेरींत पोंचतांच त्यासच चौकशीच्या फेऱ्यांत अडकविण्यांत आलें, तर दुसऱ्या खेपेस तो तोंड उघडणार नाहीं. आणि मग कोट्यवधि रुपयांचें रडारही त्याच्या मौनाची भरपाई करूं शकणार नाहीं. त्यास मान द्या, त्याची बातमी टिपून घ्या, आणि तिचें पुढें काय झालें हें त्यास परत कळवा. एवढ्या सुधारणेस विमानाइतका पैसा लागत नाहीं. फक्त अधिकाऱ्यांचा ताठा थोडा कमी व्हावा लागतो, आणि तेंच काम अधिक कठीण आहे, हें आम्हांस ठाऊक आहे.

'साउदॅम्प्टन' बोटी १९३६ सालीं नोकरींतून निघाल्या. त्यांतील एका लांकडी बोटीचें धड फेलिक्स्टो येथें कोणाच्या राहत्या घरासारखें कित्येक वर्षें वापरलें गेलें, आणि आतां तें लंडनच्या हवाई दल संग्रहालयांत डागडुजी करून ठेवलेलें आहे. यंत्राच्या नशिबीं संग्रहालय असणें यांत कांहीं वाईट नाहीं. त्यानें आपलें काम चोख केलें होतें. ज्यांनीं त्याच्या वारसांची हांक ऐकून निजून राहणें पत्करलें, त्यांच्यासाठीं मात्र कोणत्याही संग्रहालयांत जागा नाहीं. आज हांक ऐकण्याचा अधिकार आमचा आहे, आणि म्हणून निजून राहण्याचा अधिकार आम्हांस उरलेला नाहीं.